फेगाच्या सुतकाचे सात दिवस

मी आयुष्यात एकाच बाईला मारले, तेही सुवाच्य अक्षरात आणि दोन प्रतींत. दुसऱ्या दिवशी ती आमच्याच माडीवर बसून, आपल्या नावाने खाली कोण किती रडते आहे, हे फळ्यांच्या फटीतून बघत होती.

ही १९४२ च्या ऑगस्टमधली, रशियन राजवटीतल्या बुखाऱ्यातली गोष्ट. मी तेव्हा जन्ममृत्यूच्या कचेरीत लेखनिक होतो. खरे तर माझा धंदा पुस्तके बांधण्याचा. पण सरकारने बारा वर्षांत आमची लिपी दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा आधीची पुस्तके गाड्यांत भरून नेली. बांधायला काही उरले नाही. मी मात्र प्रत्येक नवी लिपी मन लावून शिकलो. आपण शिकलेले पुढे रद्द होणार आहे हे मला दोन्ही वेळा उशिराच कळले. कचेरीला माझे अक्षर आवडले, एवढाच त्याचा उपयोग. गल्लीत मला मुल्ला निसोन म्हणत. आम्हा बुखारी ज्यूंमध्येही शिकलेल्या माणसाला मुल्लाच म्हणतात. माझ्या बाबतीत त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे विचारायचे धाडस मला झाले नाही.

फेगा पोलंडची, आमच्याच धर्माची. तिकडून पळालेल्या हजारो माणसांबरोबर ती जानेवारीत आमच्या स्टेशनावर उतरली. नवरा उत्तरेकडच्या मजूर छावणीत आधीच मेला होता. बरोबर फक्त मुलगी होती, आठ वर्षांची रेनिया. आमच्या अंगणातली धान्याची कोठी रिकामीच होती, ती आम्ही त्या दोघींना दिली. फेगा तिकडे शाळेत भूगोल शिकवायची. माझी थोरली बहीण बुलुरआपा विधवा, ती घर सांभाळायची. दोघींना मिळून रशियन भाषेतले शंभरएक शब्द येत होते आणि ते सगळे भांडायला पुरत होते.

त्या उन्हाळ्यात पोलंडच्या लोकांनी शहरात एक अनाथाश्रम उघडला. तिथली मुले गाडीने समुद्रापर्यंत आणि पुढे बोटीने इराणला जाणार, अशी बातमी आली. इराणमध्ये युद्ध नव्हते, टायफस नव्हता आणि लोक म्हणत होते की पांढरा पाव होता. अट एकच होती. मूल दोन्हीकडून अनाथ हवे, आणि तसा कागद हवा.

फेगा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मुल्ला, मेलेल्यांची नावं तुम्हीच लिहिता ना?"

"हो."

"मग माझं लिहा."

"पण तुम्ही तर जिवंत आहात," मी म्हणालो. आज आठवले की लाज वाटते, पण तेव्हा दुसरे काही सुचले नाही.

"ते मला माहीत आहे. आश्रमातल्या बाईला माहीत नाही."

बुलुरआपा तंदूर झाडत होती. तिने मान वर केली. "काय म्हणतेय रे ती?"

मी सांगितले.

"मग लिही की! इतकी वर्षं लिहितोयस, एखादं तरी कामाचं लिही."

"आपा, हा गुन्हा आहे. दहा वर्षं तुरुंगात टाकतील."

"तुला? तुला दगड फोडायला सांगितले तर तू आधी दगडाची माफी मागशील. आठवड्यात परत पाठवतील."

मी तीन दिवस विचार केला, म्हणजे तीन दिवस घाबरलो. मग कळले की गाडी गुरुवारी सुटणार. सोमवारी सकाळी मी कचेरीत दवाखान्याची यादी उघडली. त्या दिवसांत अशा याद्या रोज येत. त्यात एक ओळ होती: अनोळखी स्त्री, वय अंदाजे तीस, टायफस. तिला शहराबाहेरच्या मोठ्या खड्ड्यात पुरले होते. त्या स्त्रीला मी फेगाचे नाव दिले. माझ्या हातून तिच्यावर अन्याय झाला की उपकार, हे मी ठरवू शकलो नाही. नियमाप्रमाणे मृताचे पावाचे कार्ड जमा करावे लागते. तेही मी केले. मी नियम मोडतानाही नियमाप्रमाणेच मोडतो.

इथवर सगळे ठीक होते. चूक मी घरी येताना केली.

गल्लीच्या तोंडाशी हौदाजवळ तोवो मावशी पाण्याची घागर घेऊन उभी होती. तोवो मावशी म्हणजे आमच्या गल्लीत कोणी मेले की विलाप सुरू करणारी बाई. तिने सुरू केल्याशिवाय इतर बायका रडत नाहीत.

"मुल्ला, तोंड का असं उतरलंय?"

मला वाटले, कागदावर एक आणि गल्लीत दुसरे असे राहिले तर पकडले जाऊ. दोन्ही जुळले पाहिजेत.

"फेगा गेली," मी म्हणालो. "टायफस. दवाखान्यातच."

मावशीने घागर खाली ठेवली. "आणि पोर?"

"पोर आहे."

"अरे देवा," ती म्हणाली आणि मरणाच्या रीतीप्रमाणे पाणी तिथेच ओतून गल्लीत चालू लागली. मी घरी पोहोचलो तेव्हा मागे सात बायका होत्या. मी धावत आत जाऊन सांगितले. आपाने फेगाला हाताला धरून माडीवर ढकलले आणि शिडीखाली चुलीची लाकडे रचली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला फक्त कागद लिहायला सांगितला होता. दवंडी कोणी पिटायला सांगितली?"

त्या वर्षी शहरात इतकी माणसे मरत होती की लोकांनी सुतकाला बसणे जवळजवळ सोडून दिले होते. बसणार कोण, आणि बसलेल्याला खायला घालणार कोण? मला वाटले होते, दोघीतिघी येतील, हळहळतील, जातील. पण फेगाला इथे कोणी नव्हते, तिची कबरही नव्हती, आणि मागे एकटी पोर होती. गल्लीने ठरवले की या बाईचे सगळे रीतसर करायचे. मंगळवारी सकाळी आमच्या अंगणात चौदा बायका होत्या. प्रत्येकीने काहीतरी आणले होते. सुतकात बसलेल्याला पहिला घास अंड्याचा देतात, म्हणून कुठून कुठून पाच अंडी आली. त्या वर्षी अंडी कोणी कुठे लपवली होती, ते विचारू नये.

रेनियाला गोधडीवर जमिनीशी बसवले. आपाने तिला एकच सांगून ठेवले होते, वर बघायचे नाही. ती दिवसभर जमिनीकडेच बघत राहिली. बायका एकमेकींना म्हणाल्या, "बघा गं, पोरीला मानसुद्धा उचलवत नाही."

तोवो मावशीने मला बोलावले. "ती कशी होती, ते सांग. माहिती असल्याशिवाय मला रडता येत नाही. कुणाच्याही नावाने गळा काढणाऱ्यातली मी नाही."

"ती भूगोल शिकवायची."

"भूगोलावर कशी रडू?"

मागून आपा म्हणाली, "हाताला चव होती. दोन गाजरं दिली तरी पुलाव करायची. आणि स्वभाव इतका गोड, की इतक्या महिन्यांत आवाज चढलेला ऐकला नाही."

जानेवारीपासून तो आवाज रोज ऐकणारा मी, खाली बघत राहिलो. मावशीने डोळे मिटले आणि सुरू केले. गोड बोलणारी गेली, सुगरण गेली, परक्या देशात तिला माती कोणी दिली... बायका रडू लागल्या. त्यांतल्या पुष्कळजणींचे मुलगे आघाडीवर होते. त्या कोणासाठी रडत होत्या, ते त्यांनाच ठाऊक.

माडीवर एक फळी करकरली.

"मांजर," मी म्हणालो.

बुखाऱ्यात हिवाळ्यापासून मांजर उरले नव्हते. बायका मात्र रडत राहिल्या.

दुपारी बायका पावाच्या रांगेत गेल्या तेव्हा फेगा खाली आली. गल्लीची बोली शिकलेल्या रेनियाने तिला विलापाचा अर्थ सांगितला, तशी ती रागाने लाल झाली.

"मी गोड बोलते, हे त्यांना कोणी सांगितलं?"

"आपाने."

"आणि मी सुगरण?"

"तेही तिनेच."

"मला अंडंसुद्धा नीट उकडता येत नाही," असे म्हणत तिने स्वतःच्या सुतकातले अंडे सोलले आणि दोन घासांत संपवले. मग बोटे चाटून म्हणाली, "हे आधी माहीत असतं, तर मार्चमध्येच मेले असते."

रेनिया हसली. त्या आठवड्यात ती हसलेली मी तेवढीच पाहिली.

बुधवारी अनाथाश्रमाच्या यादविगाबाई आल्या. उंच, पायात पुरुषी बूट, काखेत फाइल. गल्लीबाहेर त्यांची घोडागाडी उभी होती. मुलांना त्याच दिवशी आश्रमात न्यायचे, तिथून दुसऱ्या सकाळी स्टेशनावर. अंगणातल्या बायका बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. माझा कागद दोन वेळा वाचला. मी भिंतीला टेकलो.

"शेजारची साक्ष लागेल," त्या रशियनमध्ये म्हणाल्या. "मूल अनाथ आहे, असं कोणीतरी समक्ष सांगायचं आणि अंगठा द्यायचा."

सगळ्यांनी तोवो मावशीकडे पाहिले. मी तिला समजावून सांगितले.

"अनाथ आहे, देते अंगठा," मावशी म्हणाली. "पण नेणार कधी?"

"आत्ता."

"आत्ता कसं? सोमवारी आई गेली. सुतक रविवारी उठेल. रविवारी न्या."

"गाडी उद्या आहे, मावशी."

"मग पुढच्या गाडीने न्या."

"पुढची गाडी नाही," यादविगाबाई म्हणाल्या. "कदाचित कधीच नाही."

मावशीने हात गुडघ्यांवर ठेवले. "बाई, तुमच्यात काय करतात मला माहीत नाही. पण आईच्या सुतकातून लेकराला उठवून नेलेलं आमच्या गल्लीत कोणी पाहिलेलं नाही. सात दिवस तरी तिच्या नावाने रक्ताचं कोणी बसायला नको? मी अंगठा देणार नाही."

आता मी बोलणे भाग होते. चौदा बायकांसमोर बोलण्यापेक्षा मी तुरुंगात जाणे पसंत केले असते. तरी बोललो.

"मावशी, नियम असा आहे, की बारा वर्षांखालच्या मुलीवर सुतकाचं बंधन नाही."

"कुठे लिहिलंय?"

"पुस्तकात."

"दाखव."

"ते... ते पुस्तक नेलं त्यांनी. तेहतीस साली."

"मग पुस्तक इथे नाही आणि पोरगी इथे आहे," मावशी म्हणाली. "पोरगी बसेल."

तिन्ही लिप्यांत मला याचे उत्तर माहीत नव्हते. यादविगाबाईंनी घड्याळ पाहिले आणि फाइल मिटायला घेतली.

तेवढ्यात शिडीखालची लाकडे गडगडली. माडीवरून एक बाई उतरत होती. आपाची काळी ओढणी तिने नाकापर्यंत ओढली होती.

"ही... ही फेगाची बहीण," आपा म्हणाली. "समरकंदहून आली."

"माडीवरून?" मावशीने विचारले.

"दमली होती. झोपली होती जरा."

ती बाई कोणाकडे न बघता बायकांमध्ये जमिनीवर बसली आणि विलाप करू लागली. चाल तोवो मावशीची होती, तिने ती दोन दिवस वरून ऐकली होती. शब्द मात्र पोलिश. ते आमच्यापैकी कोणाला कळत नव्हते. रेनिया सोडली तर कळत होते फक्त यादविगाबाईंना, म्हणजे ज्या एका माणसाला कळायला नको होते त्यालाच. त्यांची पेन्सिल हवेतच थांबली. ती बाई काय म्हणत होती, ते त्यांनी मला निघताना सांगितले. ती म्हणत होती: बाई, ही माझी पोर आहे आणि मी जिवंत आहे. मी मेलेली चालत असेन तर मेलेली समजा. तिला उद्या घेऊन जा. तिचा डावा कान दुखतो, थंडीत बांधायला हवा. ती विचारल्याशिवाय जेवायला मागत नाही, तेव्हा तुम्हीच विचारा.

हे सगळे सुरात.

तोवो मावशी ऐकत होती. ऐकता ऐकता तिने त्या बाईचा उजवा हात हातात घेतला. मनगटावर भाजल्याची खूण होती, आमच्या तंदूरची, एप्रिलमधली.

"मेलेलीच्या हातावरपण इथेच भाजलेलं होतं," मावशी म्हणाली.



"बहिणी आहेत," आपा म्हणाली.

"हो. देव कधी कधी बहिणींना सारखंच भाजतो." मावशीने हात सोडला. "ठीक आहे. रक्ताचं माणूस आलं. ही बसणार असेल तर पोर जाऊ दे. पण बसायचं म्हणजे बसायचं. रविवारपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. मुल्ला, सांग तिला."

मी रशियनमध्ये सांगितले. फेगाला समजायला थोडा वेळ लागला. मग ती हळूच म्हणाली, "पण उद्या गाडी आहे. मी लांबूनच बघणार होते. खांबामागून."

"काय म्हणतेय?" मावशीने विचारले.

मी फेगाकडे पाहिले. तिने रेनियाकडे पाहिले. रेनिया अजून जमिनीकडेच बघत होती, सांगितल्याप्रमाणे.

"बसते म्हणा," फेगा म्हणाली.

मग मावशीने रीतीप्रमाणे तिच्या झग्याचा गळा दोन्ही हातांनी फाडला. "अहो, माझ्याकडे हा एकच आहे!" फेगा पोलिशमध्ये ओरडली. बायकांना तोही विलापच वाटला आणि त्यांनी सूर धरला. मावशीने कागदावर अंगठा उठवला. रेनियाला उठवून यादविगाबाईंच्या हातात दिले. आईच्या शेजारून जाताना तिला थांबता आले नाही, कारण आपल्याला न भेटलेल्या मावशीपाशी कोण थांबते?

मी दारापर्यंत गेलो. यादविगाबाईंनी विलापाचा अर्थ सांगितला तेव्हा मी विचारले:

"आता तुम्ही तक्रार करणार?"

"सोमवारपासून मी बावीस घरं फिरले," त्या म्हणाल्या. "एकोणीस ठिकाणी मेलेल्या आईनेच मला दार उघडलं. एकीने चहासुद्धा विचारला. मी कागद बघते, सही करते आणि निघते." त्यांनी आमच्या अंगणाकडे एकदा वळून पाहिले. "तुम्ही मात्र फारच मेहनत घेतलीत. एवढी गरज नव्हती."

"आणि स्टेशनावर?"

"बाकीच्या येतात ना. सगळ्या मावश्या म्हणून येतात. कोण विचारतंय?"

मी आत आलो. आपा चहाचे पाणी ठेवत होती. मी तिला सगळे सांगितले आणि म्हणालो, तोवो मावशी दगडाच्या काळजाची आहे. तिने हातावरून ओळखले, तरी त्या बाईला एक दिवस मोकळे सोडले नाही.

आपा माझ्याकडे वळली. "तिचं पावाचं कार्ड कुठे आहे?"

"जमा केलं. नियम आहे."

"मग ती खाणार काय? सुतकात बसलेलीला गल्ली जेवू घालते. मावशीने तिला रविवारपर्यंतचं जेवण दिलं, मूर्खा. पुढचं ती रविवारी बघेल." मग म्हणाली, "स्टेशनाचं तिच्या लक्षात आलं नसेल. तिच्या कुणालाच कधी गाडीतून जाता आलं नाही."

गुरुवारी सकाळी बायका लवकर आल्या. फेगा गोधडीवर बसून दाराकडे बघत होती; रेनियाला सांगायचा निरोप तिने मला रात्रीच दिला होता. मावशीशी बोलावे, एक तासाची सवलत मागावी, असे मला वाटले. मी तीन वेळा घसा खाकरला. तिसऱ्यांदा मावशी म्हणाली, "मुल्ला, खोकला असेल तर बाहेर जा, पोराबाळांच्या आया बसल्यात इथे." मी बाहेर गेलो आणि तसाच स्टेशनावर गेलो.

यादविगाबाई खोटे बोलल्या नव्हत्या. फलाटावर मावश्यांची गर्दी होती. एवढ्या प्रेमळ मावश्या मी जन्मात पाहिल्या नाहीत. एक मावशी डब्याच्या दांडीला लटकून धावत होती आणि शिपाई तिला, "मावशी, सोडा आता," असे म्हणत होता. मुलांची डोकी भादरलेली, सगळ्यांना सारखे खाकी सदरे. रेनियाला ओळखायला मला वेळ लागला. ती खिडकीत बसली होती. मी गर्दीत घुसून तिच्यापाशी गेलो आणि तिच्या कानाशी म्हणालो, "रेनिया, तुझी आई म्हणाली..."

"माझी आई मेली," रेनिया रशियनमध्ये म्हणाली. मोठ्याने, शाळेत कविता म्हणतात तशी. बाजूच्या शिपायाने मान वळवली आणि परत फिरवली. ती माझ्याकडे बघत होती, पण मला ओळखत असल्यासारखी नव्हे. निरोप माझ्याजवळच राहिला. गाडी सुटली.

घरी आलो तेव्हा विलाप चालू होता. बायकांच्या बैठकीत पुरुषाने जाऊ नये, म्हणून मी उंबऱ्यावर उभा राहिलो. फेगाने ओढणी वर केली.

"गेली?"

"गेली. खिडकीपाशी जागा मिळाली."

"काय म्हणाली?"

मला चटकन खोटे सुचत नाही. कागदावर सुचते, तोंडाने नाही. मी म्हणालो, "ती म्हणाली, माझी आई मेली."

"मोठ्याने?"

"मोठ्याने. शिपाई शेजारी होता."

"अडखळली नाही?"

"नाही."

"माझ्यासारखंच पाठांतर आहे तिचं," फेगा म्हणाली आणि ओढणी खाली ओढली. मग ती रडू लागली. चाल नव्हती, शब्द नव्हते, पोलिशही नव्हते. तोवो मावशीने आपला विलाप मध्येच थांबवला आणि सरकून तिच्याजवळ बसली. मला हाताने खूण करून म्हणाली, "दार लोटून घे, मुल्ला. आणि उद्या माझं पाणी तू भर."

मी दार लोटले आणि गल्लीत येऊन उभा राहिलो. रविवारला अजून तीन दिवस होते.